ओढ्याच्या वहीतली कोरी ओळ

सोमवार, ४ मार्च

दादा,

पाकीट उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. मुद्दामच बाहेर माझं नाव घातलं नाही, नुसता विद्यापीठाचा शिक्का मारला. कार्यालयाचं पत्र तू न वाचता फेकणार नाहीस, एवढं मला अजून आठवतं. लबाडी म्हणायची तर म्हण. पत्ता आत्याकडून काढला. तिला बोल लावू नकोस. महिनाभर तिचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे तिने दिला.

बावीस वर्षांनी भावाला पत्र लिहायचं म्हणजे सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. म्हणून कामाचंच लिहिते. तुझी पदवी बंद होणार आहे.

मी आता अभ्यासक्रम विभागाची प्रमुख आहे. हसतोयस ना? हस. बारकी होती, टोचायची आणि दिसेल तो कागद टाचून ठेवायची म्हणून जिला तू 'टाचणी' म्हणायचास, तिला आता स्वतंत्र खोली आहे, दारावर पाटी आहे आणि मे महिन्यात निवृत्तीही आहे. दर पाच वर्षांनी प्रत्येक पदवीची झडती घ्यायची, हे माझं काम. प्रश्न दोनच. या पदवीतले विषय एकमेकांना धरून आहेत का? आणि हे सगळं विद्यापीठाच्या ध्येयाला धरून आहे का? सोपं वाटतं, पण नाकी नऊ येतात रे. मागे एका पदवीत एकच विषय दोन नावांनी दोनदा शिकवला जात होता, आणि दोन्ही मास्तर शेजारशेजारच्या खोलीत बसत होते. एकमेकांना रोज नमस्कार करत होते!

ध्येय तुला पाठच असेल. मुख्य फाटकाच्या कमानीवर अजून तेच आहे: 'इथे शिकलेले शेजाऱ्याच्या कामी यावे.' चौतीस वर्षं मी त्या कमानीखालून जातेय. खरं सांगायचं तर त्यातली तीस वर्षं मान वर करून पाहिलेलं नाही.

तर तुझी परिसर-अभ्यासाची पदवी. तिला आजवर तीन वेळा 'विसंगत' असा शेरा बसलाय. ही चौथी वेळ, आणि नियमाप्रमाणे शेवटची. आठ सत्रं, आठ विभाग, आठ मुख्य विषय: चित्रकला, इतिहास, रसायन, वनस्पती, कायदा, गणित, आरोग्य, भाषा. कशाचा कशाला पत्ता नाही. आमच्या समितीत बाहेरून आलेले एक सदस्य आहेत, मी त्यांना मनातल्या मनात 'तक्तेवाले' म्हणते, कारण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा तक्ता असतो. परवा ते म्हणाले, "मॅडम, ही पदवी नाही, ही अडगळीची खोली आहे. प्रत्येक विभागाने नको असलेलं एकेक सामान आणून टाकलंय." समिती हसली. मीही हसले. खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी, बावीस तारखेला, विद्या परिषदेपुढे अहवाल जाईल. त्या दिवशी बंद म्हणजे कायमची बंद.

तुझ्या मूळ प्रस्तावाला एक नववं पान होतं, असं मला अंधूक आठवतं. आमच्या दप्तरात आठच पानं आहेत. नववं तुझ्याकडे असेल तर प्रत पाठव. त्या वेळच्या सहीच्या भानगडीबद्दल मी इथे काही लिहीत नाही. तो विषय वेगळा.

टाचणी

बुधवार, १३ मार्च

दादा,

पोचपावती आली. तिच्यावर तुझी सही. शेवटच्या अक्षराखालची रेघ मागे वळवलेली आणि तिच्याखाली दोन टिंबं. मी ती हातात धरून बसून राहिले. शेवटी शिपाई म्हणाला, "मॅडम, ती नुसती पावती आहे. पत्र नाही आलं." म्हटलं, "मला डोळे आहेत."

नववं पान आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

पण आज मी तक्रार करायला बसलेले नाही. आज मला कोणाला तरी सांगायचंय, आणि हे समजेल असा माणूस मला तुझ्याशिवाय दुसरा माहीत नाही. मी गेला आठवडाभर तुझ्या पदवीच्या वर्गांत जाऊन बसले. तपासणी करणाऱ्याने वर्गात बसावं असं नियमात लिहिलंय, पण वीस वर्षांत कोणी बसलं नव्हतं. सगळी झडती कागदावरून. मीही बसले नसते. पण अहवालावर 'बंद करावी' असं लिहायला हात उचलेना, म्हणून चार दिवस टाळायला काहीतरी हवं होतं.

पहिल्या दिवशी पहिलं सत्र; या पदवीत दर सहा महिन्यांनी नवी तुकडी येते, म्हणून आठही सत्रं एकाच वेळी चालू असतात. चित्रकलेच्या बाई, बाह्यांना कोपरापर्यंत रंग. म्हणाल्या, "वर्ग बाहेर आहे, चला." कार्यशाळेच्या मागे उतरण आहे, तिथून खाली नेलं. तिथे ओढा आहे. दादा, मी त्याला इतकी वर्षं गटार समजत होते. मुलांच्या हातात कागद नाही, पेन्सिल नाही. या तासाला नुसतं बघायचं म्हणे. अर्धा तास वीस-बावीस मुलं पाण्याकडे बघत उभी. मला वाटलं, काय हा वेळेचा खेळखंडोबा! मग बाईंनी विचारलं, "पाण्याबाहेर आहे, पण ओला आहे, असा दगड कोणता?" एका पोरीने काळ्या दगडाकडे बोट दाखवलं. "मग पाणी काल कुठपर्यंत होतं?" पोरीचे डोळे असे मोठे झाले की काय सांगू. सत्तावन्न वर्षांची बाई मी, ओल्या दगडाकडे बघून भारावून जातेय.

दुसऱ्या दिवशी पाचव्या सत्राचा कायद्याचा तास. कायद्याचे मास्तर वर्गात येतात आणि पहिलंच वाक्य काय? "कार्यशाळेमागच्या त्या काळ्या दगडापर्यंत काठ विद्यापीठाचा. पण पाणी कोणाचं?" तोच दगड! मी मागच्या बाकावर ताठ बसले. मग इतिहासाच्या तासाला गेले, तिथे त्याच ओढ्याचा जुना नकाशा भिंतीवर. रसायनाच्या टेबलावर त्याच पाण्याच्या बाटल्या. आणि गणिताच्या वर्गात जाड भिंगांचा चष्मा लावणारी एक मुलगी फळ्यावर वळणावळणाची रेघ काढत होती.

मी विचारलं, "हे काय आहे?"

"ओढा," ती म्हणाली. "बावीस वर्षांचा."

"आकडे कुठून आणलेस?"

"वहीतून."

"कसली वही?"

सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. स्वतःच्याच घराचा रस्ता विचारला की लोक जसे बघतात ना, तसे.

दादा, आठ विषय नाहीतच रे. एकच विषय आहे. ज्या पाण्याकडे मुलं पहिल्या सत्रात नुसती बघतात, त्याचीच चार वर्षं विचारपूस चालते. ते कुठून आलं, त्यात काय आहे, काठावर काय उगवतं, ते कोणाचं, किती, कोणाला बाधतं, आणि हे सगळं लोकांना सांगायचं कसं. मी आजवर शंभरेक पदव्या तपासल्या असतील. इतकी एकसंध पदवी मी पाहिलेली नाही. आणि आमच्या दप्तरात तिच्यावर तीनदा 'विसंगत' लिहिलंय.

गणिताच्या मास्तरांना मी जरा रागानेच विचारलं, "अहो, हे तुम्ही अर्जात लिहीत का नाही?" ते शांतपणे म्हणाले, "कुठल्या रकान्यात लिहू?" खरंच नाही तसा रकाना. एक विषय, एक विभाग, एक सत्र. पुढचा विषय याला कुठे जोडलाय, असं तो अर्ज विचारतच नाही. तो अर्ज कोण छापतं ते तुला सांगायला नकोच.

जाड चष्म्याची म्हणाली, "शनिवारी सकाळी सातला नोंद घ्यायची माझी पाळी आहे. तुम्ही येता का?" येते म्हटलं.

टाचणी

सोमवार, १८ मार्च

दादा,

नववं पान माझ्याकडे आहे. कपाटाच्या खालच्या खणात, साडीच्या घडीत. पहिल्या पत्रात मी धडधडीत खोटं लिहिलं. वाटलं, तू पाठवलंस तर मला माझं काढावं लागणार नाही, आणि ते माझ्याकडे कसं आलं हे कोणी विचारणार नाही. बावीस वर्षांत माझ्यात सुधारणा किती झाली, ते बघ.

आता सगळं लिहितेच. तुला माहीत आहेच, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस. तू परगावी होतास आणि प्रस्तावाची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. तुझा प्रस्ताव एका विषयाचा: ओढा, सत्रं आठ. अर्जाच्या रकान्यांत तो बसेना. मी टेबलाशी बसले आणि कापून त्याचे आठ विषय केले, आठ विभागांच्या नावावर घातले. ते आठ मिळून एक कसे, हे ज्या नवव्या पानावर तू लिहिलं होतंस, ते कुठेच बसेना, म्हणून काढून ठेवलं. आणि खाली तुझी सही केली. लहानपणी तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची करायचे ना, त्याच सफाईने. मला वाटलं तू मला डोक्यावर घेशील. प्रस्ताव मंजूर झाला होता!

तू आलास, छापील प्रत बघितलीस आणि म्हणालास, ही सही माझी नाही. मग चौकशी. त्यांनी मला विचारलं आणि मी म्हटलं, "सही त्याचीच आहे. माझ्यासमोर केली." नोकरी जाईल म्हणून मी भ्याले होते. तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि पुढे एक शब्द बोलला नाहीस. लोक म्हणाले, स्वतः सही करून पलटला. तू राजीनामा दिलास. मला पुढच्याच वर्षी बढती मिळाली.

हे लिहून झालं. आता शनिवारचं सांगते.

सातला पाच मिनिटं कमी असताना मी ओढ्यावर पोचले. जाड चष्म्याची मुलगी होती, तिच्या वर्गातली चौघंपाचजणं होती आणि प्रयोगशाळेतले मामा होते. आठवतात ना? आता पार पिकले आहेत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी दर शनिवारी येतात. पाण्यात रोवलेल्या पट्टीवर मुलीने पातळी वाचली, मोठ्याने म्हटली, इतरांनीही वाचून बघितली, मग तिने वहीत लिहिली. रकाने पाचच: तारीख, वेळ, पातळी, घेणारा, आणि शेवटचा 'पुढचा'. जो नोंद घेतो त्यानेच पुढच्या शनिवारी कोण घेणार त्याचं नाव लिहायचं. ज्याचं नाव असेल त्यानेच यायचं. सुट्टी असो, परीक्षा असो, ताप असो. एका पोराने म्हणे हात गळ्यात बांधून डाव्या हाताने लिहिलंय.

मी मामांना विचारलं, "हे किती वर्षं चाललंय?"

"पहिल्यापासून," मामा म्हणाले. "वर चला, दाखवतो."

प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर त्यांनी एकेक करून बावीस वह्या मांडल्या. काहींना पाणी लागलेलं, काहींची पुठ्ठ्याची पाठ गेलेली. अकराशेच्या वर शनिवार, दादा! एका नावाने दुसऱ्याला हाक मारलीय, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि एकजणही चुकलेला नाही, असं मला तेव्हा वाटलं. विद्यापीठात या काळात पाच कुलगुरू झाले, दोन इमारती पडल्या, परीक्षा तीनदा पुढे गेल्या. ही रांग तुटली नाही. मी खुर्ची ओढून बसले. मी आयुष्यभर कागद सांभाळले, पण माणसांनी एखादी गोष्ट इतकी सांभाळलेली मी पाहिली नव्हती.

मामांनी सांगितलं, चौकशी चालू होती त्या महिन्यात तू रोज एका मास्तराच्या घरी जात होतास. आठही जणांकडे गेलास. मला वाटायचं, तू माझ्याविरुद्ध माणसं जमवतोयस. मामा म्हणाले, "तुमचं नावसुद्धा काढलं नाही सरांनी. ओढ्याचंच बोलायचे. म्हणायचे, कागदावर तुटलाय तर तुटू दे, आपण तोडायचा नाही." त्या आठांनी पुढच्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. कागदावर मी जे कापलं, ते माणसांनी बावीस वर्षं हातात हात घालून धरून ठेवलं.

मग मामांनी पहिली वही उघडली. पहिली ओळ तुझ्या अक्षरात. घेणारा: तुझी सही, दोन टिंबांसकट. पुढचा: टाचणी.

तिच्या खालची ओळ कोरी. नुसती तारीख आहे.

मला ती चिठ्ठी आठवली. मामाच घेऊन आले होते. 'शनिवारी सातला, ओढ्यावर', एवढंच. तू घर सोडून गेला होतास, कुठे आहेस ते माहीत नव्हतं. मला वाटलं, तिथे उभा राहून कबुली मागशील. मी गेले नाही. सोमवारी कळलं की तू बुधवारीच गाव सोडलंस, म्हणजे तू तिथे असणारच नव्हतास. तरी तेव्हा मला काही कळलं नाही.

"मी साडेसातपर्यंत थांबलो," मामा म्हणाले. "पट्टी समोर होती. पण नाव तुमचं होतं ना, म्हणून हात लावला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारपासून मी धरलं."

"मामा, एवढी वर्षं तुम्ही मला बोलला नाहीत!"

"तुम्ही इकडे आलाच नाहीत."

मी डोळे पुसायलाही विसरले. जाड चष्म्याच्या मुलीने आजची वही उघडली. 'पुढचा' हा रकाना तिने अजून भरला नव्हता. मला विचारलंही नाही. टाचणी, असं लिहिलं आणि टोपण लावलं.

आणखी एक. काल आठव्या सत्राची शेवटची परीक्षा होती. ती वर्गात होत नाही. ओढा खाली जाऊन ज्या वस्तीला लागतो तिथे, पत्र्याच्या छपराखाली होते. वस्तीतली माणसं प्रश्न विचारतात. एक उंच मुलगा आकडे सांगायला लागला, तेव्हा बादली घेऊन उभी असलेली बाई म्हणाली, "ते राहू दे बाबा. माझ्या नातवाला हे पाणी पाजू की नको, तेवढं सांग." तो थांबला. मग म्हणाला, "उकळून पाजा. पाऊस पडून गेला की तीन दिवस उकळूनही नको." का म्हणून विचारलं, तर त्याने जमिनीवर काटकीने ओढा काढला, वरून काय मिसळतं ते दाखवलं, पूर्वी लोक कुठून भरायचे ते सांगितलं, आणि अर्ज कोणाकडे करायचा तेही. सगळं तिला समजेल असं. आठही सत्रं पाव तासात माझ्या डोळ्यांसमोरून गेली. बाईने मान हलवली, तेव्हा भाषेच्या मास्तरांनी गुण लिहिले.

येताना फाटकाशी मी मान वर करून कमान वाचली. शेजाऱ्याच्या कामी यावे. भर रस्त्यात उभी राहून पुन्हा पुन्हा वाचली. मागच्या गाडीवाल्याने शिव्या घातल्या.

टाचणी

शुक्रवार, २२ मार्च

दादा,

परिषद आत्ताच संपली. अक्षर वेडंवाकडं येतंय, चालवून घे.

तक्तेवाल्यांनी आधी तक्ता दाखवला. आठ विषय, एकमेकांना जोडणारी खूण एकही नाही. "कागदोपत्री या पदवीला कणा नाही," ते म्हणाले. आणि कागदोपत्री त्यांचं बरोबरच होतं.

मी उठले. म्हटलं, "कणा होता. तो मी काढला." मग सगळं सांगितलं. कापलं ते, नववं पान लपवलं ते, सही केली ती, आणि चौकशीत खोटं बोलले तेही. कुलगुरू म्हणाले, "मॅडम, तुम्ही काय बोलताय त्याचा विचार केलाय ना? दोन महिन्यांवर निवृत्ती आहे तुमची." मी म्हटलं, "बावीस वर्षं केलाय, सर."

मग नववं पान वाचलं. तुला आठवतं त्यात काय होतं? मला पाठ झालंय. 'विद्यार्थ्याने एका गोष्टीकडे इतका वेळ बघावे की तिच्याशी जोडलेले सगळे त्याला दिसू लागावे. मग त्याने ते शेजाऱ्याला सांगावे.' मग मी बावीस वह्या मांडल्या. मामा आणि मुलांनी त्या पोत्यांतून वर आणल्या होत्या. जाड चष्म्याच्या मुलीने तिची रेघ भिंतीवर लावली, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळी परिषद खुर्च्या सोडून उठली. तक्तेवाले तर चष्मा कपाळावर चढवून एकेक वही बघत होते. 'पुढचा' या रकान्यावर बोट ठेवून पानंच्या पानं उलटत गेले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझ्या तक्त्याला हाच रकाना नाही." नंतर सर्वांत आधी हात त्यांनीच वर केला.

पदवी राहिली, दादा! एकमताने. अर्जात नवा रकानाही येणार आहे. आणि जुन्या दप्तरात नोंद होणार आहे की ती सही तुझी नव्हती, आणि तू खरं बोलत होतास. हे शेवटचं मी स्वतः मागून घेतलं.

आता माझं. सोमवारपासून माझ्याकडून काम काढून घेतलंय. चौकशी बसेल. निरोपसमारंभ होणार नाही, त्यासाठी घेतलेली साडी आता नववं पान गुंडाळण्याच्याच कामाची. पाटी शिपायाने आजच काढली, बिचारा रडत होता. मला मात्र हलकं वाटतंय. भीतीही वाटतेय, नाही असं नाही.

एक अट आहे. नववं पान मूळ प्रस्तावाचा भाग म्हणून छापायचं, तर त्यावर ज्याने लिहिलं त्याची सही हवी. महिनाभराच्या आत, परिषदेच्या माणसासमोर. नाही झाली तर ठराव रद्द. मला तुझी सही अजूनही येते, दोन टिंबांसकट, डोळे मिटून. पण मी पेनाला हात लावणार नाही. पदवी बुडाली तरी नाही.

टाचणी

शनिवार, २३ मार्च

दादा,

आज माझी पाळी होती.

साडेसहालाच जाऊन बसले. मामा आले, जाड चष्म्याची आली, आणि मग एकेक करत चाळीसेक मुलं उतरणीवर जमली. मी चपला काढून पाण्यात उतरले. पाणी थंडगार होतं. पट्टीवरचा आकडा मला चष्म्यातून दिसेना, म्हणून पार वाकले, तर पदर भिजला. मुलं हसली, मीही हसले. मग पातळी दिसली. ती बारकी रेघ आणि तिला टेकलेलं पाणी. एवढीशी गोष्ट रे. पण वरच्या डोंगरात कुठे कुठे पडलेलं पाणी आज सातला इथे आलं, आणि ते किती, हे जगात फक्त मला माहीत होतं. तू मला हे दाखवायला बोलावलं होतंस, आणि मला वाटलं होतं भांडायला.

मी आकडा मोठ्याने म्हटला. मुलांनी वाचून बघितला. बरोबर आहे म्हणाली. मग वहीत लिहिलं: तारीख, वेळ, पातळी. 'घेणारा'मध्ये टाचणी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची सही करतेय असं वाटलं.

मामांनी हळूच विचारलं, "जुनी ओळ भरायची का?" मी नको म्हटलं. ती कोरीच राहू दे. खोटी नोंद करायची सवय मोडलीय आता.

मग शेवटचा रकाना. माझा हात थोडा थांबला, कारण ज्याचं नाव लिहायचं त्याला यावंच लागतं, आणि मला तसं लिहायचा काही हक्क उरलेला नाही. तू येणार नाहीस, असंही होऊ शकतं. मग तीस तारखेची ओळ कोरी राहील. त्या ओळीला कोणीही हात लावणार नाही, हे मला सगळ्या मुलांनी सांगून टाकलंय.

तरी मी लिहिलं. पुढचा: दादा.

सकाळी सातला. मी सहापासून फाटकाशी उभी असेन. बावीस वर्षांत या वहीत एकच नोंद चुकली आहे, आणि ती माझी आहे.

तुझी,
टाचणी